होडीच्या नांगराला मोटार

आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, उजवा खांदा बैलगाडीवरून पडून निखळला आणि घरात पहिला विषय निघाला तो होडीचा. मढच्या बाजूला धरणाचं पाणी अडल्यापासून दादा होडी चालवत. पलीकडं ज्यांची रानं शिल्लक राहिली ती माणसं, त्यांच्या शेळ्या, खताच्या गोण्या, सगळं त्यांच्या होडीतून जायचं. घाटाकडचं वारं सुटलं की दादा ताडपत्रीचं शीड चढवायचे आणि राजासारखे बसायचे. जमीन धरणात गेल्यापासून त्यांचा चेहरा खुलायचा तो तेवढाच वेळ.

पण काठ सगळा खडकाचा. होडी टेकवली की फळ्या गेल्याच. म्हणून थोडं अलीकडंच नांगर टाकायचा आणि माणसांनी गुडघाभर पाण्यातून उतरायचं. नांगर म्हणजे साखळीला बांधलेला लोखंडी आकडा, चांगला जडशीळ. खांदा गेल्यावर तो वर ओढणं दादांना जमेना. आईनं सांगून टाकलं, नांगर एकट्यानं काढून दाखवा, नाहीतर आखाडाच्या आत होडी विकायची. आमच्या घरात आई बोलली की विषय संपला. दादा अर्ध्या जेवणातून उठायला लागले. मला त्यांचा ताटावरचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

आईचा होडीवर पहिल्यापासून राग. ती त्यात एकदाही बसली नव्हती. चल, एक फेरी मारून येऊ, असं दादा कितीदा म्हणाले असतील! तिचं उत्तर ठरलेलं. ज्या रानात वाकून वाकून भात लावला, त्याच्या डोक्यावरून मिरवत जाऊ का?

शेवटी मामा धावून आला. आईचा धाकटा भाऊ, ओतूरला जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरींवर दगड उपसायच्या याऱ्या त्यानंच बसवलेल्या, त्यामुळं अंगात मोठा तोरा. जुन्या जीपच्या सेल्फची मोटार, मोडक्या रसवंतीच्या चरकाचे दाते, ट्रॅक्टरची बॅटरी आणि साखळी गुंडाळायला लोखंडी रूळ, एवढं घेऊन तो आला आणि होडीच्या नाकावर दोन दिवस ठोकाठोकी केली. दादा भोवती घुटमळत राहिले. आम्ही नारळ फोडला, मोटारीला हळदीकुंकू वाहिलं. आई म्हणाली, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाही. आणि लुगडं सावरून चक्क होडीत येऊन बसली. दादा बघतच राहिले.

मी आणि मामानं वल्ही मारली आणि मधोमध जाऊन दादांनी नांगर सोडला. मामानं ऐटीत बटन दाबलं. साखळी करकर करत वर येऊ लागली आणि एकदम ताठ झाली. खाली आकडा कशात तरी अडकला होता. आता विहिरीवर ओझं अडकलं की काय करतात? आणखी जोर लावतात. यारी काठावर पक्की रोवलेली असते, ओझं झक मारत वर येतं. मामानं तेच केलं. बटनावरचा अंगठा काढीचना, वर 'येतंय, येतंय' म्हणून आम्हालाच धीर देतोय. ओझं कसलं येतंय! होडीचंच नाक खाली चाललं होतं. पाणी कडेवरून आत आलं, माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात आईनं पुढं झेप घेतली आणि बॅटरीची वायर हिसडून काढली. होडी अशी उसळली की मामा माझ्या अंगावर.

आता आई भडकणार आणि होडी जाणार, असंच मला वाटलं. दादा मात्र शांत होते. त्यांनी साखळी सैल सोडली. म्हणाले, "पावणं, ही काय इहीर न्हाई. हितं जोर न्हाई लावायचा, वळसा घ्यायचा." मग डाव्या हातानं शीड चढवायला गेले, पण एका हाताला ते आवरेना. आईनं न सांगता दोरी धरली. वाऱ्यावर होडी नांगराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेली, मामानं वायर जोडली आणि आता बटन दाबल्यावर आकडा अलगद सुटून वर आला. त्याला काळं, कुजलेलं मूळ अडकलेलं होतं.

आईनं ते हातात घेतलं. कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिली.

"आपल्या बांधावरचा आंबा?" तिनं विचारलं.

दादांनी होय म्हणून मान हलवली. आई पदरात तोंड घालून रडली. धरण भरलं तेव्हाही ती रडली नव्हती. दादांनी होडी काठाकडं वळवली, तेव्हा डोळे पुसत ती म्हणाली, "आता कुटं चालला? पलीकडं चला की."

होडी विकायचं नाव पुन्हा निघालं नाही. दादा शीड सांभाळायचे, आई बटन दाबायची. उतारू थट्टा करायचे, नवराबायकोनं संसार पाण्यात थाटलाय म्हणून, आणि दादा लाजायचे. मोटार पुढच्याच पावसाळ्यात भिजून जळाली. मामा म्हणाला, अक्का, फुकटात भरून देतो.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आमी दोघं वढतो."