चिठ्ठीशिवायचा रविवार

आमच्या धारच्या चर्चमध्ये प्रभुभोजन वर्षातून चारदाच व्हायचं. त्याआधीच्या आठवड्यात ‘वडील’, म्हणजे मंडळीने मतं देऊन निवडलेले जुने सभासद, आपापल्या वाट्याची घरं फिरायचे. बसायचे, पाणी प्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कोणाशी वैर नाही ना?" नाही म्हटलं की हातावर छोटी चिठ्ठी ठेवायचे. चिठ्ठी असेल तरच रविवारी भाकर आणि द्राक्षरस. वैर असेल तर आधी मिटवा, मग या.

आता मी देवासला राहते. इथे चिठ्ठ्या नाहीत; कोणीही यावं, घ्यावं. मला मात्र तो प्रश्न चुकल्यासारखा वाटतो. देवावर विश्वास किती, हे ते विचारत नसत. शेजारणीशी बोलता का, हे विचारत.

बारावीनंतर मला पहिली चिठ्ठी मिळणार होती. आईने पांढरी साडीही काढून ठेवली होती. नेमकं तेव्हाच मी पत्रक काढलं. दोष आजोबांचा. ते राजगढच्या बाजारात धर्मपत्रिका वाटायचे. घरी उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. काही खटकलं की छापून वाटायचं असतं, अशी माझी पक्की समजूत होती.

खटकलं ते हे : मतं बायकाही द्यायच्या, पण वडील म्हणून बाईचं नाव कधी पुढे येत नसे. प्रभुभोजनाची भाकर माझी आई भाजायची, ताट फिरवायचे पुरुष. पन्नास झेरॉक्स काढून मी गीतांच्या पुस्तकांत घातल्या. शेवटच्या ओळीत आमच्या भागाच्या वडिलांना सरळ ढोंगी म्हटलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

गुरुवारी तेच आमच्या दारात.

"चहा ठेवू की दार लावून घेऊ?" आई कुजबुजली.

ते बसले, पाणी प्याले. "हं बेटा, कोणाशी वैर?"

"तुमच्याशी, काका."

"हिचं मनावर घेऊ नका हो भिया," आई म्हणाली.

"मनावर घ्यायलाच आलोय. मुद्द्यावर सभेत भांड, मीही भांडेन. पण ढोंगी? तीस साल हो गए, या घरी येतोय मी." त्यांनी चिठ्ठ्या परत खिशात घातल्या. "तुला देता येत नाही. आणि तुझ्याशी बिनसलंय, म्हणजे मलाही प्रभुभोजन घेता येत नाही."

याचा मी विचारच केला नव्हता.

रविवारी ते वडिलांच्या बाकावर नव्हते. इस्त्रीचा कोट घालून शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. लोक माना वळवून बघत होते. त्यांचं ताट दुसऱ्याच्या हातात होतं. पाळकांनी भाकरीवरचं फडकं उचललं आणि मला राहवेना. ढोंगी माणूस असा सगळ्यांदेखत मागे येऊन बसत नाही.

"काका, तो शब्द मागे घेते. बाकी एक ओळही नाही."

"बाकी मी मागितलं कुठे?" त्यांनी चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली. "चल. आणि सभेला ये. मी विरोधातच बोलणार."

बोललेही, पाऊण तास. बाईलाही वडील होता यावं, हा आमचा ठराव पडला. बाहेर आईने त्यांना चहाला बोलावलं, आणि त्या चहावर आमची पुन्हा जुंपली.