त्रेचाळीस सेकंद

आमची सूनबाई इस्पितळाचं नेटवर्क सांभाळते. नेटवर्कची एक पेटी बंद पडली तर दुसरी किती वेळात कामाला लागते, हे मोजणं तिचं काम. हृदयरोग्यांचा आठ खाटांचा नवा कक्ष दुसऱ्या दिवशी उघडणार होता. प्रत्येकाचे ठोके या पेट्यांमधूनच नर्सच्या पडद्यावर जायचे. पडदा पाच सेकंदांपेक्षा जास्त कोरा राहता कामा नये, असा नियम. सूनबाईचा आकडा दोन. शंभर वेळा मोजून सहीनिशी दिलेला.

त्या सकाळी ती चष्मा घरीच विसरली. तो पोचवायला गेलो आणि आमच्या तोंडाला कुलूप नाही, म्हणून बसलो सांगत.

"आमच्या शाळेत तपासनीस यायचे, पण आठ दिवस आधी चिठ्ठी धाडून. मग काय, पाढे खडाखडा, फळा चकचकीत! एकदा मात्र बुवा न सांगताच दारात. गुरुजी वर्गातच दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण!"

मी हसतोय, सूनबाई हसेना. नजर पेटीवर.

"बाबा, मी पेटी बंद करते ती हुकूम देऊन. मग ती जाता जाता दुसरीला सांगते, 'मी निघाले, तू सांभाळ.' म्हणून दोन सेकंद."

"बरं, मग?"

"खरंच बंद पडेल तेव्हा सांगून पडणार आहे का?"

तिनं सरळ विजेची वायर उपटली. दुसरी पेटी पहिलीच्या हाकेची वाट बघत ढिम्म. त्रेचाळीस सेकंद. पुन्हा उपटली, त्रेचाळीस. दहाव्या वेळीही तेच. ती वाट बघण्याची मुदत कमी करायचा पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे, आणि तो उगवणार सोमवारी.

मोठे डॉक्टर आले. सगळं ऐकून म्हणाले, "अहो, दोन लिहिलंय ना? राहू द्या. पेट्या काय रोज मरतात? उद्या आठ जण यायचेत."

"साहेब, हात जोडते, नका उघडू."

"तुमच्या एका वायरीपायी?"

ती म्हणाली, "बोट द्या." ठोके मोजायचा चिमटा लावला. पडद्यावर साहेबांची हिरवी रेघ उड्या मारू लागली. ठोके ब्याऐंशी. तिनं वायर उपटली. रेघ गायब.

साहेब हसले. दहाव्या सेकंदाला हसू मावळलं.

"येईल ना?"

"येईल."

विसाव्याला ते ओरडले, "लावा हो ती वायर!"

"मी घरी असताना कोण लावणार, साहेब?"

"पण नर्सला कळणार कसं, मी आहे की गेलो?"

"नाही कळणार."

माझ्यासारखा बडबड्याही सेकंद मोजत बसला. रेघ परतली तेव्हा ठोके एकशे अठरा.

साहेबांनी चिमटा काढला, कपाळ पुसलं. "आठही घरी मीच फोन करतो," एवढंच म्हणाले.

सूनबाईनं आपला जुना कागद मागवला. दोनवर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता यावा अशी, आणि शेजारी त्रेचाळीस लिहिलं. कागद सरकू नये म्हणून मी धरला.