एक सभासद, एक मत

आमचा खेळाडू समोरच्याला जाऊन भिडला, की ताई स्वतःच्या गळ्याखालचं डावं हाड घट्ट धरायच्या. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे असता, तर तुम्हालाही संशय आला असता, की या बाईंना आतली काहीतरी बातमी आहे. विचारलं तर म्हणायच्या, "पेशंटचं बोलायचं नसतं गं." गावातल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता. अर्धी टीम त्यांनी आतून पाहिलेली.

मी लंडनजवळचं रीडिंग शहर सोडून इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या लहान शहरात, त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत आले, तेव्हा तेरा जणांचं हे रग्बी मला निव्वळ चिखलातली मारामारी वाटायचं. पहिल्याच रविवारी ताईंनी मला मैदानावर ओढून नेलं, हातात ग्रेव्ही ओतलेले चिप्स दिले आणि म्हणाल्या, "हा क्लब माझा आहे." थंडीनं यांचं डोकं फिरलंय, असंच मला वाटलं.

पण ते खरं होतं. क्लब बुडाला आणि जुन्या मालकानं हात वर केले, तेव्हा गावातल्या प्रेक्षकांनीच तो विकत घेतला होता. कुणी जास्त पैसे घातले, कुणी कमी. मत मात्र प्रत्येकाला एकच. ताईंना यातलं हेच आवडलं होतं. नागपूरला त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या बैठकीला वडील त्यांना लहानपणी बरोबर न्यायचे. तिथे वकिलाचं आणि झाडूवाल्याचं मत सारखंच धरलं जायचं. "तेच इथं सापडलं बघ, एवढ्या लांब येऊन," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा.

"सगळ्यांना विचारलं का?" हे त्यांचं पालुपद. याचा त्रासही फार. मॅचला विकायच्या 'मीट पाय' पेस्ट्रीबरोबर वाटाणे द्यायचे की नाहीत, यावर सभा दोन तास चालली होती. हॉस्पिटलच्या स्टाफरूममधली खिडकी उघडायलासुद्धा त्या मतदान घेतील, अशी आम्ही थट्टा करायचो.

मग सलग दोन सीझन वाईट गेले, आणि एका उद्योगपतीनं क्लब मागितला. तो पैसा ओतणार, पण सभासदांची मतं रद्द होणार. ताई विकायच्या कट्टर विरोधात होत्या. दारोदार फिरून त्या लोकांशी बोलल्या. पण त्यांच्या सचोटीवर दोन्ही बाजूंचा विश्वास, म्हणून मतपेटी त्यांच्याच ताब्यात.

रविवारी दुपारी वरच्या हॉलमध्ये सभा होती, आणि नेमकी सकाळी लिफ्ट बंद पडली. काठीवाले, व्हीलचेअरवाले सहा म्हातारे खालीच अडकले. सहाच्या सहा विकायच्या बाजूचे! डोळे मिटण्याआधी टीमला एकदा जिंकताना पाहायचं होतं बिचाऱ्यांना.

मी ताईंच्या कानाशी लागले. "ताई, राहू द्या ना. रूलमध्ये 'हॉलमध्ये हजर' असं क्लिअर लिहिलंय."

"रूल आपणच लिहिला. लिहिताना लिफ्ट चालू होती."

त्यांनी सभेला विचारलं, पेटी खाली न्यायला कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नव्हती. दुखऱ्या गुडघ्यानं, पेटी पोटाशी धरून ताई जिना उतरल्या. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मागोमाग गेला. मी वरून पाहत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकं मोठं माणूस मी त्याआधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

विकायचा ठराव चार मतांनी मंजूर झाला. निकाल ताईंनीच वाचला, खणखणीत आवाजात, एकही आकडा न अडखळता.

त्या सहांतल्या एकाला, हॅरीला, त्यांनी गाडीत घेतलं. त्याचं घर त्यांच्या वाटेवर होतं. मी मागच्या सीटवर. उतरताना हॅरी पुटपुटला, "सॉरी, लव्ह." इथं म्हातारे सगळ्याच बायकांना 'लव्ह' म्हणतात. ताई म्हणाल्या, "डोन्ट बी डाफ्ट, हॅरी. वेडा की काय! तुझं मत होतं, तू दिलंस." तो दाराआड जाईपर्यंत त्या थांबल्या.

मला राहवलं नाही. "ताई, खाली गेला नसतात तर आज क्लब आपला राहिला असता."

"सहा जणांना खाली ठेवून? मग कसला गं आपला?"

एवढं म्हणून त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. ताईंना जाऊन आता वर्ष होईल. शेवटचे महिने लंडनमध्ये एजवेअरला, लेकीकडे काढले त्यांनी. मी भेटायला गेले, तेव्हा हात हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "हॅरीनं टीमला जिंकताना पाहिलं का गं?"

पाहिलं होतं. मी तसं सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की मला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.