न धुतलेलं लुगडं

गैबी मुजावरचा हात म्हणजे हात! उत्तरेश्वर पेठेत कुणाच्या पोपटाची नखं वाढू देत नाहीतर चोच, हाक गैबीचाचालाच. जनावरांचे डॉक्टर आहेत की गावात, पण पोपट त्यांचा अंगठा फोडतो आणि गैबीच्या मुठीत गप पडतो. तीस वर्षांत एका पाखराचं रक्त काढलं नाही, हे तो चहा पिता पिता प्रत्येकाला ऐकवायचा. त्याची अट मात्र एक असायची. पोपट ज्याच्या हातचं खातो, त्याच्या अंगावरचं न धुतलेलं कापड पाहिजे. त्यात गुंडाळलं की ओळखीच्या वासानं पाखरू निवांत होतं.

त्या सकाळी त्याला अनुजानं बोलावलं. ही जोतीराम चौगुल्याची लेक, गडहिंग्लजला दिलेली, महिन्यातनं एकदा माहेरी यायची. तिची आई बायडाबाई सहा महिने अंथरुणाला खिळून चैत्रात गेली, आणि तेव्हापासून आईचा राघू मुका झाला. कडक काही खाईना, नुसता भात चिवडायचा. त्यामुळं चोच वाढली, वाकून गळ्यात रुतायला लागली, आणि आता तर भातही सुटला होता. छातीचं हाड हाताला टोचत होतं.

"चाचा, वाचंल न्हवं?" जोतीराम म्हणाला. "तिची एवढीच आठवण हाय बघा." डोळ्यात पाणी होतं गड्याच्या. सगळी पेठ म्हणायची, बायकोची सेवा करावी तर जोतीरामानं. बायडाबाई म्हणे हूं की चूं न करता शांत गेली.

आता भात घालणारा जोतीरामच, म्हणून गैबीनं त्याच्याच अंगावरचा टॉवेल मागितला. पण टॉवेल जवळ आला नि राघूनं असा कालवा केला, पिंजऱ्याच्या सळ्यांवर असं डोकं आपटलं, की गैबी दचकलाच. आयला, उपाशी पाखरात एवढा जोर कुठनं आला?

"तुमाला भितंय ते, आप्पा," अनुजा म्हणाली. आत जाऊन तिनं ट्रंकेतनं आईचं लुगडं आणलं. वास जाईल म्हणून तिनं ते धुतलंच नव्हतं.

"ते कशाला काढलंस?" जोतीराम एकदम ओरडला.

लुगड्यात घेतल्याबरोबर राघू मऊ पडला. गैबी खिडकीच्या उजेडात बसला. नखातली लाल शीर बघून त्यानं टोकं उतरवली, मग चोचीला कानस लावली. खर्र, खर्र. आणि लुगड्याच्या आतनं बाई बोलली.

"आवं... पाणी द्या की. ऐकताय न्हवं?"

गैबीच्या अंगावर सरसरून काटा आला. बायडाबाईचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. अनुजाच्या हातातली शेंगदाण्याची वाटी कलली. पुन्हा तोच कोरडा घसा, "घोटभर द्या..." आणि लगेच दुसरा आवाज, जोतीरामाचा, हुबेहूब: "गप पड म्हटलं न्हवं? मर की एकदाची!"

जोतीराम तर भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून उभा होता.

"टीव्हीवरचं ऐकलं असंल त्यानं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे चाचा. चोच नगं कापायला. सोडा त्याला."

चोच तशीच राहिली तर राघू चार दिवस काढणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. गैबीनं कानस खाली ठेवली. सामान उचलून सरळ घर गाठावं, असंही त्याच्या मनात आलं, खोटं कशाला बोला? अनुजा त्याच्याकडं बघत राहिली. गैबीनं "या अल्ला" म्हणून कानस पुन्हा लावली. खर्र, खर्र. काम संपेपर्यंत त्याच्या मांडीवर बायडाबाई पाणी मागत होती.

चोच नीट झाली. रक्ताचा थेंब निघाला नाही.

"आता कितीक वर्सं जगंल?" जोतीरामानं खाली बघत विचारलं.

"नीट खाल्लं तर पंधरा-वीस."

अनुजानं पिंजरा उचलला, बापाच्या कॉटच्या उशाशी टांगला आणि सळ्यांतनं एक शेंगदाणा आत धरला.

"खा बाळा," ती म्हणाली. "पोटभर खा. आन् बोल."