दिगंबरसाठी केलेली घंटी

"भाऊ, घंटी वाजलीच नाही."

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. दिगंबर, त्यांचा नवरा, गेला हे त्यांनी सांगितलंच नाही. आधी हे सांगितलं. "नळ आले होते. मी पाणी भरून राहिली होती, पण तोटी बंद करू करू कान देत होती. घंटी वाजलीच नाही, भाऊ. मंग मी चहाचं विचारायले गेली तं..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही. गाडी आली, मी चढलो, खिडकीपाशी जागा मिळाली. अकोला येईपर्यंत माझ्या डोक्यात माझा बावीस वर्षांपासूनचा दोस्त आणि भागीदार गेला, हा विचार नव्हताच. आज लिहितानाही याची लाज वाटते. डोक्यात एवढंच घोळत होतं की ती घंटी मी केली होती, आणि जाणूनबुजून न तपासता दिलेली ती आमची एकमेव वस्तू होती.

दिगंबर अकोटजवळच्या एका खेड्यातला. घरची काळी जमीन, दोन भाऊ शेती बघायचे, आणि हा मात्र लहानपणापासून पंपाच्या मोटारी उघडून बसायचा, म्हणून अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन म्हणून लागला. मी अमरावतीच्या वकिलांच्या घरातला, कोर्टाची पायरी न चढता इंजिनिअर झालेला पहिला. नोकरीत असताना त्या जिनिंगमध्ये एक कंट्रोल पॅनल बसवायला गेलो होतो. पॅनल काही केल्या चालू होईना. मी जमिनीवर ड्रॉइंग पसरून घाम पुसत बसलो होतो. दिगंबरनं ड्रॉइंगकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पॅनलसमोर उकिडवा बसला आणि एकेक वायर चिमटीत धरून ओढायला लागला. सहावी का सातवी त्याच्या हातात आली. ती माझ्यापुढे धरून म्हणाला, "इंजिनेरसाहेब, कागदावर पक्की हाय ही. इथं नाही." मला राग आला होता, आणि त्याच रागात मी त्याचा फोन नंबर घेतला. दोन वर्षांनी आम्ही अकोल्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतलं.

आम्ही हार्नेस बनवतो. ट्रॅक्टरमध्ये, फवारणीच्या पंपात, ई-रिक्षात दिवे, बॅटरी, मोटर यांना जोडणारा वायरींचा जो जुडगा असतो, तो. वायर मापानं कापायची, टोक सोलायचं, त्यावर पितळेचं टर्मिनल मशीनखाली दाबून बसवायचं, आणि अशी टोकं प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये खटकन अडकवायची. सांगायला एवढंच. पण दाब कमी पडला तर वायर निसटते, जास्त पडला तर आतले तांब्याचे केस तुटतात, आणि दोन्ही वेळा बाहेरून सगळं छान दिसतं. म्हणून दिगंबरचे दोन नियम होते. टर्मिनल बसवलेली प्रत्येक वायर हातानं ओढून बघायची. आणि नवीन डिझाइनचं बटण किंवा स्विच असेल तर ते दहा हजार वेळा दाबून बघितल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही. गिऱ्हाईक कितीही ओरडो. मी ओरडलो तर मला म्हणायचा, "काहून तडफडून राहिला बे? शेतात बंद पडलं तं तू जाशील का चालू कराले?" ओढायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नाच्या मांडवात शिरला तरी आधी लायटिंगवाल्याच्या दोन-चार वायरी ओढून बघायचा. एका लग्नात अर्धा मांडव अंधारात गेला होता. शोभावहिनी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या, आणि हा मात्र आपलंच बरोबर कसं, हे मला रोज समजावून सांगत होता.

आणि माझ्या हातानं दाबलेलं टर्मिनल त्याला कधीच पसंत पडलं नाही. डिझाइन माझं, चित्रं माझी, मापं माझी, पण हातपक्कड मी उचलली की तो ती काढून घ्यायचा. "तू कागदावरच बरा," म्हणायचा.

दीड-दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात आमचा खराब माल अचानक कमी झाला. रोज संध्याकाळी लाल डब्यात पडणारी, दिगंबरनं ओढून उपटलेली टोकं जवळजवळ दिसेनाशी झाली. मी खूश झालो. शेडमध्ये कामाला असलेल्या सगळ्या बायकांना समोसे खाऊ घातले. मशीनवरच्या मंदाबाई, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असलेल्या, त्यांनी समोसा हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, दादा आजकाल वायर ओढतच नाहीत. नुसता हात लावतात." मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी परतवाड्याच्या एका विक्रेत्याकडून फवारणी पंपाचे हार्नेस खोकंभर परत आले. टर्मिनलं जरा ओढताच सुटत होती. दिगंबर खोकं उघडून बसला. एक वायर त्यानं चिमटीत धरली, ओढली. निघाली नाही. मी तीच वायर ओढली, ती निघाली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो... मग तो आपल्या अंगठ्याकडे बघायला लागला.

नागपूरच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि मोटर न्यूरॉन नावाचा आजार सांगितला. आधी हात जातील, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. बुद्धी शाबूत राहील, सगळं कळत राहील. यावर बरं करणारं औषध नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे आणि माणुसकीनं सांगितलं, आणि तरीही मी त्यांच्याशी भांडलो. बिघाड कुठे आहे ते नेमकं माहीत असताना काहीच करता येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. परतीच्या वाटेवर दिगंबर म्हणाला, "त्यायच्यावर काहून चिडला? त्यायनं थोडीच बनवलं हे?" मी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. तो रडला नाही. माझ्या पाठीवर हात ठेवायला म्हणून त्यानं हात उचलला, तो अर्ध्यातच राहिला.

वर्षभरात तो अंथरुणाला खिळला. अकोल्याच्या घरात पुढच्या खोलीत खाट, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे नळ आणि हौद. आवाज इतका बारीक झाला की वहिनींना स्वयंपाकघरात ऐकू जाईना. त्या पाच-पाच मिनिटांनी धावत बघायला यायच्या. एकदा भाजी करपली, एकदा त्या ओल्या फरशीवर घसरून पडल्या. तेव्हा त्यानं मला बोलावून, शब्द जुळवत जुळवत सांगितलं, "एक... घंटी... बनवून दे. इले पळवू नको." त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलत होतं.

मला अखेर काहीतरी करता येणार होतं! मी त्या बोटाचं माप घेतलं, त्याचा जोर मोजला. अगदी हलकं बटण, बोटाच्या वळणाचं कवच, सुंदर बारीक कपलर. तीन नमुने केले, दोन फेकले. आणि तिसरा मंदाबाईंच्या हातात देऊन म्हणालो, दहा हजार. कुणीही सांगितलं नव्हतं. दिगंबरच्या घरी जाणारी वस्तू दिगंबरच्या नियमानं जावी, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. बायका आपापलं काम सांभाळून आळीपाळीनं दाबायच्या आणि पुठ्ठ्यावर रेघा ओढायच्या. नऊ दिवस लागले. एकदाही बटण चुकलं नाही. मी ते पेढ्यासारखं डब्यात घालून घेऊन गेलो, त्याच्या बोटाखाली ठेवलं आणि म्हटलं, दाब.

बोट हललं नाही. चार दिवसांपूर्वीच गेलं होतं. वहिनींनी मला सांगितलं नव्हतं, कारण मी किती मनापासून करतोय हे त्यांना माहीत होतं. दिगंबरनं बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "टेस्ट... पास?"

"पास," मी म्हटलं.

"मंग... ठीक," म्हणाला, आणि हसायला लागला. त्या आजारात हसू आलं की आवरत नाही. तो हसत राहिला, वहिनी त्याच्या तोंडाची लाळ पुसत हसल्या, आणि मी तो डबा हातात धरून मूर्खासारखा उभा होतो. दहा हजार! ज्याला दिवसातून दहा वेळा हाक मारायची होती, त्याच्यासाठी आम्ही नऊ दिवस बटण दाबत बसलो होतो.

मग डाव्या पायाच्या अंगठ्यासाठी पट्टीचा स्विच केला. या वेळी हजारच वेळा दाबला. तो पोचला तेव्हा अंगठा हलत होता, पण वीस-बावीस दिवसांत तोही थांबला. मी एक करायचो, तोवर आजार पुढच्या बोटावर गेलेला असायचा. माझं सगळं शिक्षण, कारखान्यातली सगळी यंत्रं, आणि मी एका माणसाला त्याच्या बायकोला हाक मारता येईल एवढंही करू शकत नव्हतो. त्या दिवसांत मी घरी सगळ्यांवर खेकसायचो.

शेवटी उरला उजवा गाल. आता शब्द पूर्ण गेले होते, डोळ्यांनी हो-नाही चालायचं. या वेळी मी कारखान्यात गेलोच नाही. पिशवीत एक छोटा स्विच, स्प्रिंगची तार, वायर आणि हातपक्कड घालून सरळ त्याच्या घरी गेलो. खाटेच्या उशाशी तार वाकवून बसवली, टोकाला वहिनींच्या जुन्या लुगड्याची मऊ गादी शिवली, आणि टर्मिनलं तिथंच बसून, त्याच्या डोळ्यांदेखत, माझ्या हातानं दाबली. दिगंबर एकटक बघत होता. मी शेवटचं टर्मिनल दाबलं तेव्हा त्याची नजर माझ्या हातावरून वायरीवर गेली, परत हातावर आली, परत वायरीवर. ओढून बघ, म्हणत होता. मी ओढली... पण हळूच. निघून आली तर त्याच्यासमोर परत करावी लागेल, परत उशीर होईल, या भीतीनं नुसती ओढल्यासारखी केली. त्याला ते कळलं असणारच. त्यानं डोळे मिटले.

घंटी वाजली. गाल जरासा फुगवला की गादी दाबली जायची आणि स्वयंपाकघरात किर्रर्र. दुसऱ्या दिवशी वहिनींचा तक्रारीचा फोन. किती महिन्यांनी त्यांच्या आवाजात हसू होतं! "तुमच्या दोस्ताले काही कामधंदा नाही. दर दोन मिनिटाले वाजवतात. जाऊन पाहा तं काहीच नको असते. नुसते टुकूटुकू पाहतात माह्याकडे."

"वहिनी, तो दहा हजार पुरे करतोय," मी म्हटलं.

"करू द्या," त्या म्हणाल्या. "जातो मी."

अकरा दिवस हे चाललं. आणि बाराव्या दिवशी सकाळी नळ आले.

तेरवीला मी त्या खोलीत गेलो, पण उशाकडे बघितलंही नाही. वहिनींनी परत विचारलं, "भाऊ, बिघडली होती का हो घंटी?" त्यांना काय विचारायचंय ते मला कळत होतं. त्यानं हाक मारली आणि मी गेली नाही, असं तर झालं नाही ना? मी म्हटलं, बघतो. आणि दीड महिना बघितलं नाही. बघणं म्हणजे एकदा दाबणं, बस. पण नाही वाजली तर मी दाबलेलं टर्मिनल सुटलं आणि तो गाल फुगवत राहिला. वाजली तर त्याला फुगवताच आला नाही, आणि नऊ दिवस, हजार वेळा, हे सगळं कशासाठी होतं, ते मला कुणीतरी सांगावं. झोपेत गेला असेल, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. रोज शेडमध्ये मंदाबाई ओढून बघतात ती प्रत्येक वायर मला दिसायची आणि मी काचेच्या केबिनमध्ये तोंड फिरवून बसायचो.

गेल्या रविवारी गेलो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. खाट तिथंच होती, अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, उशाशी ती वाकवलेली तार. मी आधी वायर धरली आणि ओढली. या वेळी जोरानं, दिगंबर ओढायचा तशी. निघाली नाही. दोन्ही टोकं पक्की होती. मग तळहातानं ती गादी दाबली. आत किर्रर्र वाजलं.

"आली, आली! येऊन राहिली नं जी!"

गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला, पावलं झपझप आली आणि दारात थांबली. वहिनींचे हात ओले होते. मी गादीवरचा हातही काढला नव्हता.

"मी दाबली, वहिनी," मी म्हटलं. "चालू आहे."

"चालू हाय?"

"हो. काही बिघडलेलं नाही."

त्या खाटेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा मी रडेन.

"मी आत जातो," त्या म्हणाल्या. "एक डाव अजून वाजवा नं, भाऊ."

त्या आत गेल्या. मी वाजवली.