मायाक्काच्या लुगड्याचा तुकडा

वळसंगात मूल जन्मलं की कुणीतरी मायाक्काच्या दारात येई आणि जुन्या, मऊ लुगड्याचा तुकडा मागे. लई जगलेल्या बाईच्या कापडात बाळ गुंडाळलं की त्यालाही तसंच आयुष्य लाभतं, अशी तिथली रीत. मायाक्काची शंभरी कधीच उलटली होती. तिनं कुणाला रिकाम्या हातानं धाडलं नव्हतं.

पण तिचे दोन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. मागल्या वर्षी थोरला नातूही गेला, आणि तिच्या मनात भीतीनं घर केलं. आपण यांचंच आयुष्य खाऊन जगतोय की काय? तिनं लुगड्यांच्या ट्रंकेला कुलूप घातलं.

अशात धाकट्या नातवाची बायको, भुवनेश्वरी, सोलापूरच्या दवाखान्यातून लेक घेऊन आली. सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ, ओंजळीत मावेल एवढं.

"अव्वा, कापड द्या की."

"संपली समदी." म्हातारी ट्रंकेकडं न बघता खोटं बोलली.

"ट्रंक भरलीया! गावाला देता, अन् घरच्या पोरीला न्हाय?"

मायाक्का काठी टेकत समोरच्या सोनाबाईकडं गेली. सोनाबाईचं घर पोराबाळांनी गच्च भरलेलं. ती कट्ट्यावर ज्वारी पाखडत होती.

"सोने, तुजं जुनं लुगडं दे. पोरीला गुंडाळायचंय."

"माजं? आक्का, माजी समदी पोरं तुज्याच लुगड्यात गुंडाळली की! तवाबी तू म्हातारीच व्हतीस. एक तरी मरतंय का? खाऊन खाऊन मलाच संपवत्यात."

मायाक्का हसली नाही. "परक्याला लाभतं. माज्या माणसाला न्हाय लाभत."

सोनाबाईनं सूप खाली ठेवलं. "तुजा थोरला तापानं गेला, धाकला दारूनं, नातू मोटारसायकलवरनं पडून. लुगड्यानं कोण गेलं गं?"

"मला भ्या वाटतंय, सोने."

"मग दोघींची जोडून शिवू. चल, ट्रंक उघड."

मायाक्का कबूल झाली, पण एका अटीवर. बाळाच्या अंगाला लागेल ते कापड सोनाबाईचं, मायाक्काचं वरून.

दुपटं शिवून झालं. बाळाला त्यात गुंडाळलं तसं मायाक्कानं त्याच्या नाकाशी बोट धरलं.

"अव्वा, दोन घास खाऊन घ्या," भुवनेश्वरी म्हणाली.

"गप," बोट न हलवता मायाक्का पुटपुटली. "पोरगी श्वास घेतीया. माजं ध्यान मोडू नगंस."