पाठिंब्याचं मेण

पहिल्या भेटीत त्या माणसाने मला दुकानातून हाकलून दिलं, तेव्हा मी अजून दुकानात शिरलोही नव्हतो. एक पाय आत, एक पाय पायरीवर आणि पोट या दोघांच्याही बरंच पुढे, अशा अवस्थेत मी होतो. ऊन असं होतं की चपलांचे तळ वितळून आपली उंची कमी होत चालली आहे, असं मला किनाऱ्यावरून येताना सारखं वाटत होतं. सावली दिसली म्हणून वळलो. आत दोन्ही भिंतींना टेकून माणसापेक्षा उंच सर्फबोर्ड उभे होते. मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन सरकेल इतकी वाट, आणि तो एक माणूस मी नव्हतो. काउंटरमागे उन्हाने भाजून निघालेला एक काटकुळा इसम पॉलिश पेपर हातात घेऊन उभा होता. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. प्रवास लांबचा, त्यामुळे मधे कुठेतरी तो थोडा वेळ थांबलाही असावा.

"काय हवंय?"

सावली हवी आहे असं सांगायची लाज वाटली. "बोर्ड," मी म्हणालो.

"कुणाला?"

"मला."

"नाही मिळणार."

"का बरं?"

"पोहता येतं?"

"तरंगता येतं."

"ते दिसतंच आहे. तरंगणाऱ्याला बोर्ड कशाला? घरी जा."

आतल्या खोलीतून बाईचा आवाज आला, "अहो, गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक नाही, सावलीला आलाय," हा म्हणाला, आणि एक स्टूल उचलून त्याने पायरीवर आदळलं. "बसायचं तर इथे बसा. बोर्डांना हात लावू नका. तुमच्या हातांना घाम आहे."

मी बसलो. पुढची कित्येक वर्षं मी त्याच स्टुलावर बसत आलो, आणि माझ्या हातांना घाम आहे हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला न विसरता सांगत आला.

गाव त्याला खडूस म्हणायचं. तोंडावरसुद्धा. दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं, पण खाऱ्या वाऱ्याने ती अक्षरं खाल्ली आणि कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. पत्ता विचारला की लोक सांगायचे, "खडूसच्या दुकानावरून डावीकडे." त्याच्या बायकोच्या फोनमध्येही त्याचा नंबर याच नावाने होता. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. दुकान तो चालवायचा आणि त्याला ती चालवायची.

तरुणपणी तो धक्क्यावर फायबरच्या बोटींची भोकं बुजवायचा. एकदा कुणा पाहुण्याचा मोडलेला सर्फबोर्ड त्याच्याकडे आला. त्याने तो जोडला, उलटा केला, सुलटा केला, आठवडाभर घरी ठेवून घेतला, आणि पाहुणा गेल्यावर तसाच एक स्वतः घडवला. तो पाण्यात गेल्या गेल्या दगडासारखा बुडाला. दुसरा बुडाला नाही. तिथून दुकान सुरू झालं. मागच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर कुणाचा ना कुणाचा जखमी बोर्ड कायम आडवा पडलेला असायचा. राळेचा उग्र वास, पांढरी भुकटी, आणि तोंडाला फडकं बांधून घासत बसलेला हा.

त्याची विकण्याची पद्धत म्हणजे न विकणं. माणूस आत आला की आधी भांडण. वजन किती, गुडघे कसे आहेत, कालच्या लाटा पाहिल्या का, आणि नसतील पाहिल्या तर इथे काय करताय, किनाऱ्यावर जाऊन बसा. गावातले दातांचे डॉक्टर दवाखाना उघडायच्या आधी रोज सकाळी लाटांवर जायचे. त्यांना लहान, चपळ बोर्ड हवा होता. हा देईना.

"आधी आहे त्यावर नीट उभे राहा."

"अहो, पैसे मी देतोय."

"पडणारही तुम्हीच आहात. मग माझ्याच दुकानाचं नाव सांगत फिराल."

दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावणारा माणूस या दुकानात स्वतः आ वासून उभा राहायचा. पुढे एका सकाळी खडूसने स्वतःहून लहान बोर्ड काढून त्यांच्या हातात दिला. डॉक्टर तो घेऊन असे चालत गेले की जणू घरात नवं बाळ आलंय.

मग हमरस्त्यावर मोठं दुकान आलं. काचेचं, थंडगार, मैदानाएवढं. बोर्ड, सायकली, तंबू, बूट, सगळं एका छपराखाली. तिथे कुणी भांडत नसे. तिथे कुणाला काही माहीतच नव्हतं, त्यामुळे भांडायला विषय नव्हता. त्याच सुमारास खडूसच्या जागेच्या मालकाने येऊन सांगितलं, की हा हंगाम बघू. दुकान नीट चाललं तर करार पुढे, नाहीतर जागा रिकामी करून द्यायची. माणूस वाईट नव्हता. हे सांगताना त्याने दोन्ही हात जोडले होते.

खडूस म्हणाला, "बरं."

हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर दुसरा शब्द ऐकणं कठीण होऊन बसलं. कुणी येऊन म्हणालं, तिकडे हेच स्वस्त आहे, तर बरं. कुणी म्हणालं, नुसतं बघतोय, तर बरं. एक धिप्पाड गृहस्थ आले आणि त्यांनी सगळ्यात लहान बोर्डाकडे बोट दाखवलं. मी स्टुलावर सरसावून बसलो, म्हटलं आता मजा येणार. खडूसने बोर्ड काढला, कागदात गुंडाळला आणि दिला. वहिनी आतून बाहेर येऊन दारात उभी राहिली. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा पॉलिश पेपरकडे.

गावाला मात्र जाग आली. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पुढाकार घेतला. बाईंनी पुढाकार घेतला की मागे राहिलेल्यांना पळायलाही जागा उरत नाही. 'आपलं दुकान समिती' स्थापन झाली. तिला अध्यक्ष होत्या, दोन उपाध्यक्ष होते, खजिना नसताना खजिनदार होता, आणि माझ्या खिशाला पेन दिसल्यामुळे मी चिटणीस झालो. ठराव एकमताने झाला, की आपल्या माणसाचं दुकान आपणच जगवायचं. प्रत्येकाने तिथे जायचं आणि काहीतरी विकत घ्यायचं. काहीतरी, हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला.

आता समितीतल्या एकालाही लाटेवर उभं राहता येत नव्हतं. काहींना तर जमिनीवरसुद्धा आधार लागायचा. मग घ्यायचं काय? बोर्ड घेऊन तो ठेवणार कुठे? रबरी सूट घेतला तर त्यात शिरणार कसं? काउंटरवर दाराजवळ एक टोपली असायची, तिच्यात मेणाच्या वड्या. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून हे मेण घासतात. छोटीशी वडी, छान कागद, नारळाचा वास, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू. समितीने सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिल्या दिवशी बाईंनी चार वड्या घेतल्या. उपाध्यक्षांनी तीन तीन. खजिनदार दोन घेऊन गेला आणि त्याची बायको येऊन आणखी दोन घेऊन गेली, कारण त्याने घेतलेल्या तिला आवडल्या नव्हत्या. दोन दिवसांत टोपलीचा तळ दिसला. गावात आनंदीआनंद. घरोघरी कपाटांच्या खणांना मेण, खिडक्यांच्या खाचांना मेण, बॅगांच्या चेनला मेण. कुणी मोज्यांच्या खणात वासासाठी ठेवलं. बाईंच्या घरची दारं तर इतकी गुळगुळीत झाली की वाऱ्याने आपणहून उघडायला लागली आणि बाईंनी कड्या बसवून घेतल्या.

पुढची खेपही अशीच संपली. मी स्टुलावर होतो तेव्हा डॉक्टर आले. केस ओले, बोर्ड काखेत.

"एक मेण द्या."

"संपलंय," खडूस म्हणाला.

"कधी येईल?"

"महिन्याच्या सुरुवातीला."

"अहो, तोवर काय करू? बोर्डावर नुसता घसरतोय मी."

मी माझ्या पिशवीतली एक वडी पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. "तुम्ही कशावर लावता?"

"पाठिंबा म्हणून घेतलंय."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण रोज उजाडायच्या आधी कुणाच्या दाराची कडी वाजवून मेण मागू? आज दिलंत, उपकार झाले. पुढचं मी रस्त्यावरून घेऊन येतो."

रस्त्यावरून म्हणजे मोठ्या दुकानातून. ते गेल्यावर वहिनीने मला आत बोलावलं. घोड्यांवर एकही बोर्ड नव्हता. ती त्यांतल्या एका घोड्यावर टेकली.

"भावजी, तुमच्या समितीला सांगा, मेण घेऊ नका."

"का? खप तर झालाय."

"मेणात सुटत काही नाही. पण लाटांवर जाणारा माणूस आठवड्याला मेणासाठी येतो. आला की बोर्डाला पडलेली चीर दाखवतो. चीर बघता बघता बोर्डाची दोरी बदलतो. मग कधीतरी नवा बोर्ड. सगळं दुकान त्या टोपलीतून आत येतं. आता टोपली रिकामी दिसते आणि ते तिकडे जातात. तिकडे मेणाशेजारी सगळंच मांडून ठेवलंय."

"जास्त मागवा मग."

"दुप्पट मागवलं गेल्या वेळी. तुमच्या बाईंनी ते यायच्या आधीच माणसं रांगेत उभी केली."

"मग त्यांनीच नाही म्हणायचं ना," मी बाहेर काउंटरकडे मान वळवली. "मला नाही म्हणाले होते की."

"तेच तर," वहिनी म्हणाली. "मी रोज सांगते, अहो, भांडा. एकदा तरी भांडा. नाही म्हणतात. म्हणजे नाहीसुद्धा म्हणत नाहीत."

मी समितीपुढे विषय मांडला. मेण घेऊ नये, असं स्वच्छ सांगितलं. कारणही सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

"मग काय घ्यायचं?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"बोर्ड," मी म्हणालो.

खजिनदाराने उठून पंखा वाढवला.

"त्याच्याकडे दोरी पण असते ना?" बाई म्हणाल्या. "पायाला बांधतात ती?"

आठवड्याभरात दोऱ्या संपल्या. गावात वाळत घातलेले कपडे कधी नव्हे इतके घट्ट बसले. खजिनदाराने एका दोरीने मोटारीचं मागचं झाकण बांधलं. ज्यांना दोरी मिळाली नाही, त्यांनी दोन वड्या घेतल्याने कुठे काय होतंय म्हणून पुन्हा मेण घेतलं.

हंगाम अर्धा उलटल्यावर बाईंनी समितीची बैठक खुद्द दुकानातच ठेवली, म्हणजे दुकानदाराच्या तोंडूनच प्रगती ऐकता येईल. वहिनीने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या ते बोलतील. मी पढवून ठेवलंय." मला खरंच वाटलं की उद्या हा माणूस पेटणार. त्या बैठकीत तो आमच्यापैकी एकेकाला बखोटीला धरून पायरीवरून खाली ढकलणार, बाईंना 'घरी जा' म्हणणार, आणि दुकान वाचणार. आयुष्यात पहिल्यांदाच अपमान करून घ्यायला मी वेळेच्या आधी जाऊन बसलो.

सगळे आले. दोन्ही बाजूंच्या बोर्डांच्या मधल्या वाटेत समिती एकापुढे एक अशी ओळीने उभी राहिली. उपाध्यक्षांनी बोर्डाला टेकून घाम पुसला. खडूसने ते पाहिलं. तो मागच्या खोलीत गेला आणि खुर्च्या घेऊन आला.

"मग, कसं चाललंय आता दुकान?" बाईंनी विचारलं. शाळेत पाढे म्हणायला उभं करावं तसा आवाज.

वहिनी त्याच्याकडे बघत होती. मीही. तो बोलायला लागणार असं एकदा वाटलं, कारण त्याने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. मग त्याने त्या कागदाच्या कडा काउंटरला समांतर केल्या.

"बरं आहे," तो म्हणाला.

"बघा," बाई सगळ्यांकडे वळल्या. "मी म्हणत नव्हते?"

"अहो, सांगा ना," वहिनी म्हणाली.

"काय?"

"काल ठरलं ते."

"असू दे," तो म्हणाला. "त्यांना चहा दे."

वहिनी आत गेली. कपांचा आवाज बराच वेळ येत राहिला. चहा चांगला होता. निघताना प्रत्येकाने काहीतरी घेतलं. नवी खेप त्याच सकाळी आली होती, तीही संपली. मी काही घेतलं नाही, तर बाई म्हणाल्या, "चिटणीसच असे वागायला लागले तर कसं चालायचं?"

बाहेर डॉक्टर नव्या बोर्डावर मेण घासत उभे होते. बोर्ड मोठ्या दुकानातला होता. फारच लहान होता. त्यांनी खडूसला हात केला, त्यानेही केला. मी म्हटलं, "यावर ते पडतील."

"पडतील," तो म्हणाला.

"मग सांगा त्यांना."

त्याने समुद्राकडे पाहिलं. लाटा बऱ्या होत्या. मला वाटतं तो त्या मोजत होता किंवा काहीच करत नव्हता. दोन्ही सारखंच दिसलं असतं. मग तो आत गेला आणि त्याने खुर्च्या घडी करून ठेवल्या. स्टूल राहिलं होतं, कारण मी त्यावर बसलो होतो. तो उठा म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

हंगाम संपल्यावर मालक आला. त्याने पुन्हा हात जोडले. समितीने दुकानासमोर सगळ्यांचा फोटो काढला, त्यात खडूस मधोमध उभा आहे आणि बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे. उरलेले बोर्ड मोठ्या दुकानाने एकगठ्ठा घेतले. त्यांचा टेम्पो आला तेव्हा खडूसने ते एकेक करून स्वतः चढवून दिले. हमालाने एक उलटा ठेवला. याने पाहिलं आणि पुढचा उचलला.

ते दोघं आता वहिनीच्या भावाच्या गावी असतात. तिथून समुद्र दिवसभराच्या अंतरावर आहे. तो फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात लागलाय, आणि मंगळवारी त्याला सुट्टी असते.